व्हीएफडी रोज ट्रिप होतो, झाकण उघडून स्वतः बघू का?

प्रश्न थोडक्यात असा: ७.५ किलोवॅटच्या मोटरवर मोठा ब्लोअर आहे, त्याला व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवलाय. बंद करताना कधीकधी ‘ओव्हरव्होल्टेज’ येतं, परत चालू करायला गेलं की ‘ओव्हरकरंट’. रीसेट मारून थोडा वेळ थांबलं की चालतो. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता दिवसातून तीन-चार वेळा. कुणीतरी सांगितलंय की आतलं कार्ड गेलं. झाकण उघडून बघावं का, आणि एरवी देखभाल काय ठेवावी?

झाकणाला अजून हात लावू नका. कार्ड गेलं असेल असं मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते तुमच्याच वाक्यात आहे: ‘थोडा वेळ थांबलं की चालतो.’ तापून रुसणारं कार्ड थंड झाल्यावर चालतं हे खरं, पण ते नेमकं स्टॉप दाबल्यावरच रुसेल असं होत नाही.

ब्लोअरचं पातं जड असतं. एकदा वेगात आलं की वीज काढून घेतली तरी दोन-तीन मिनिटं आपल्याच मस्तीत फिरत राहतं. तुम्ही स्टॉप दाबता तेव्हा ड्राइव्ह ठरलेल्या वेळात फ्रिक्वेन्सी ५० वरून शून्यावर आणायला बघतो. समजा ती वेळ १० सेकंद लावलेली आहे. पातं काही १० सेकंदांत थांबायला तयार नसतं. मग रोटर चुंबकीय क्षेत्राच्या पुढे पळायला लागतो, मोटरचा जनरेटर होतो आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये शिरते. साध्या ड्राइव्हला ती लाइनमध्ये परत ढकलता येत नाही, कारण लाइनच्या बाजूला डायोड असतात, म्हणजे एकेरी वाट. सगळी ऊर्जा आतल्या डीसी बसच्या (लाइनची एसी डीसी होऊन जिथे साठते तो भाग) कॅपॅसिटरमध्ये साठत जाते. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ही बस एरवी ५८५ च्या आसपास असते (४१५ गुणिले १.४१४). ती ८०० च्या जवळ पोचली की ड्राइव्ह हात वर करतो. हा झाला ओव्हरव्होल्टेज.

ट्रिप झाल्याक्षणी ड्राइव्ह मोटरला सोडून देतो. पातं मात्र फिरतंच आहे. ऑपरेटर येतो, रीसेट, स्टार्ट. ड्राइव्हच्या लेखी मोटर उभी आहे, म्हणून तो शून्य हर्ट्झपासून सुरुवात करतो, आणि शाफ्ट तर अजून सहाशे-सातशे आरपीएमने फिरतोय. दोघांची ओढाताण होते, करंट उसळतो, ओव्हरकरंट. म्हणजे तुमचा दुसरा ट्रिप हे पहिल्याचंच पोर आहे. ‘थोडा वेळ थांबलं की चालतो’ याचा अर्थ तेवढ्यात पातं थांबतं, एवढाच.

तेव्हा आधी कीपॅडवरून डिसेलरेशन टाइम बघा. १० असेल तर ६० करा, तरी ट्रिप आला तर ९०. कामाला चालत असेल तर ‘कोस्ट टू स्टॉप’ ठेवा, म्हणजे ड्राइव्ह नुसता सोडून देईल आणि पातं आपोआप थांबेल. दुसरं, ‘फ्लाइंग स्टार्ट’ किंवा ‘स्पीड सर्च’ नावाचं पॅरामीटर असतं, ते चालू करा. मग ड्राइव्ह आधी मोटर किती वेगाने फिरतेय ते चाचपतो आणि तिथून तिला धरतो. डक्टमधली हवा उलटी येऊन बंद ब्लोअर मागे फिरत असेल तर हे आणखीच गरजेचं. तसं होतंय का ते एकदा डोळ्यांनी बघा. ब्रेक रेझिस्टर (ही उलटी आलेली ऊर्जा उष्णता करून जिरवणारा) बसवलेला असेल तर, खाली दिलेल्या क्रमाने वीज तोडून, तो थंड असताना, जाणत्या माणसाकडून त्याची एक वायर सोडून ओहम मोजून घ्या. ओपन झालेला रेझिस्टर बाहेरून अगदी धडधाकट दिसतो.

आठवड्यातून एकदाचं दिवसातून चारदा का झालं, हा खरा शोध. माझा पहिला संशय कुणीतरी पॅरामीटर बदललं यावर. ‘लवकर थांबत नाही’ म्हणून ३० चे १० कुणी केले, हे विचारलं तर सहसा कुणी कबूल करत नाही. पॅरामीटर आधी लिहून ठेवलेले असतील तर विचारावंही लागत नाही. दुसरा संशय सप्लायवर. लाइन ४१५ ऐवजी ४४० आली की बस मुळातच ६२० वर बसते, वरची जागा तेवढी कमी होते.

रीसेट दाबण्याआधी फॉल्ट हिस्टरी उघडा, हे मी ज्याला शिकवतो त्याला पहिलं सांगतो. ड्राइव्ह ट्रिपच्या क्षणीचे आकडे जपून ठेवतो: बस व्होल्टेज, आउटपुट करंट, फ्रिक्वेन्सी. कागदावर उतरवून घ्या, मोबाइलने फोटो काढलात तरी चालेल. त्या तीन आकड्यांत बहुतेक गोष्ट सांगून झालेली असते. ओव्हरव्होल्टेज, ३१ हर्ट्झ, करंट किरकोळ, आणि त्या वेळी मशीन थांबवत होते: मग डिसेलरेशनच. ओव्हरव्होल्टेज पण फ्रिक्वेन्सी स्थिर ५०: मग लाइनकडे बघा, जवळपास कुठे मोठी कॅपॅसिटर बँक चालू-बंद होते का ते बघा. ओव्हरकरंट ४० हर्ट्झवर, वेग वाढत असताना: लोड जड झालाय, बेअरिंग धरतंय किंवा अ‍ॅक्सिलरेशन टाइम कमी आहे. ओव्हरकरंट स्टार्ट दाबताक्षणी, शून्य-एक हर्ट्झला, आणि पातं खरोखर उभं असताना: आता मात्र मोटर, केबल किंवा ड्राइव्हच्या आउटपुटमध्ये काहीतरी गेलंय.

ब्रेक रेझिस्टरची तपासणी सोडली तर फक्त या शेवटच्या प्रकारात पॅनेल उघडावं लागतं. तेही विजेच्या कामाचं रीतसर शिक्षण आणि परवानगी असलेल्या माणसाने, आणि शक्यतो एकट्याने नाही. तुम्ही तसे नसाल तर पुढचं वाचा जरूर, म्हणजे येणारा माणूस नीट करतोय की नाही ते कळेल. हात मात्र त्यालाच घालू द्या.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून होता होता टळलं ते सांगतो. एका ड्राइव्हचा डिस्प्ले पूर्ण काळा. मेन बंद केलं, ड्राइव्हवर लिहिलेली १० मिनिटं थांबलो, वर आणखी १० मिनिटं इकडेतिकडे गेली. डिस्प्ले तर आधीच गेलेला, म्हणजे हा मेलेलाच आहे असं धरून मी स्क्रू ड्रायव्हर काढला. आमच्या वरिष्ठांनी काही न बोलता माझ्या हातात मीटर दिला. प्लस-मायनसवर प्रोब टेकवले तर ४१० व्होल्ट डीसी. वीस मिनिटांनंतर!

का, ते नंतर समजलं. ड्राइव्हच्या आत कार्डाला आणि डिस्प्लेला वीज देणारा छोटा पॉवर सप्लाय असतो, तो याच डीसी बसवर जगतो. मेन बंद केल्यावर बसमधली साठलेली वीज बरीचशी तोच खाऊन संपवतो. त्या ड्राइव्हमध्ये हा सप्लायच जळला होता, म्हणून डिस्प्ले काळा आणि म्हणूनच बस भरलेली. उरलेली वीज जिरवायला असलेला डिस्चार्ज रेझिस्टरही तुटलेला. काळा डिस्प्ले असलेला ड्राइव्ह मला तेव्हापासून चालू ड्राइव्हपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. १००० मायक्रोफॅरड ५८० व्होल्टला भरलेले असले तर साठा होतो १६८ ज्यूल. बिघडलेल्या ठोक्याच्या हृदयाला छातीवर जो झटका देतात तो १२० ते २०० ज्यूलच्या पट्ट्यातला असतो. इथे तो धडधाकट माणसाला, हातातून, न मागता मिळतो.

त्यामुळे क्रम ठरलेला. स्टॉप दाबून मशीन थांबवायचं, आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्यावर आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, टॅगवर आपलं नाव. इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणजे वीज तुटली असं नाही. ड्राइव्हचं ‘सेफ टॉर्क ऑफ’ हेही वीज तोडत नाही, ते मोटरला जोर मिळू देत नाही एवढंच. टर्मिनलवर व्होल्टेज असू शकतं. पॅनेलमध्ये नारिंगी वायरी दिसल्या तर सावध व्हा, मुख्य स्विच बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या सर्किटांसाठी तो रंग ठेवलेला असतो. रंग पाळलेला नसेल अशी पॅनेलंही भरपूर, तेव्हा इंटरलॉकची वायर दुसऱ्या पॅनेलमधून २३० व्होल्ट घेऊन आली आहे का ते ड्रॉइंगवर बघा. आणि मोटर कायमचुंबकाची असेल तर शाफ्ट फिरत असेपर्यंत ती स्वतःच वीज तयार करते, ड्राइव्ह बंद असो की चालू. पातं अडकवून ठेवल्याशिवाय तिच्या टर्मिनलला हात नाही.

मग ड्राइव्हवर लिहिली असतील तेवढी मिनिटं थांबा. मीटर कॅट थ्री (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) १००० व्होल्टचा हवा, आणि त्याच्या लीड्सही त्याच दर्जाच्या. मीटर आधी जिथे वीज आहे हे माहीत आहे अशा ठिकाणी लावून बघायचा, मग ड्राइव्हच्या प्लस-मायनसवर डीसी रेंजला आणि तिन्ही इनपुटवर एसीला, मग पुन्हा त्या जिवंत ठिकाणी. मधल्या वेळात मीटरचा फ्यूज उडाला किंवा लीड तुटली तर तो छान शून्य दाखवतो, म्हणून शेवटची ती फेरी. ५० व्होल्टच्या खाली उतरल्यावर काम सुरू करा असं बहुतेक पुस्तिका सांगतात. मी एक आकडी व्होल्ट होईपर्यंत थांबतो. उतरतच नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ‘फट्’ आवाज काढणारे वीर असतात. त्या ठिणगीत वितळलेलं तांबं डोळ्यात जाऊ शकतं, आणि कॅपॅसिटरही जातो. त्या कामाला इन्सुलेटेड प्रोबचा वायरवाऊंड रेझिस्टर लागतो आणि ते सवयीच्या माणसाचं काम आहे.

एवढं झालं की तपासणी सोपी असते. यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही मोटर केबल ड्राइव्हपासून सोडवा. सोडवाच. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) ५०० किंवा १००० व्होल्ट डीसी सोडतो, आणि केबल जोडलेली ठेवून मेगर मारला तर मोटरच्या आधी ड्राइव्हचं आउटपुट जातं. चांगला ड्राइव्ह असा मारलेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय, आणि दर वेळी रिपोर्टमध्ये ‘ड्राइव्ह आधीपासून खराब’ असंच लिहिलेलं. सोडवलेल्या केबलच्या टोकाला मेगर लावा, म्हणजे केबल आणि मोटर एकत्र तपासली जातात. अशा लहान मोटरला ५ मेगाओहमच्या खाली आलं तर चालवू नका. चांगल्या कोरड्या मोटरला शेकड्यांत येतं. गरम मोटरचं रीडिंग थंडपेक्षा बरंच कमी येतं (दर १० अंशांना साधारण निम्मं), म्हणून आकड्याशेजारी तापमानही लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी तुलना करता येणार नाही. मग मेगर बाजूला ठेवून तिन्ही वाइंडिंगचे ओहम बघा, एकसारखे हवेत.

ड्राइव्हच्या बाजूला मीटर डायोड रेंजवर घ्या. लाल प्रोब डीसी मायनसवर, काळा एकेक करून यू, व्ही, डब्ल्यू वर: ०.३ ते ०.६ व्होल्टच्या दरम्यान, आणि तिन्ही जवळजवळ सारखे. मग काळा डीसी प्लसवर, लाल तिन्हींवर: तसंच. प्रोब उलटे केले की ओपन दाखवायला हवं. सुरुवातीला आकडा चढत जातो, तो कॅपॅसिटर भरत असतो, थांबा. कुठे शून्याजवळचा आकडा आला तर तिथला आयजीबीटी (आउटपुटची वीज तोडणारा-जोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. इनपुटच्या एल१, एल२, एल३ वर हीच चाचणी. काही ड्राइव्हमध्ये इनपुटच्या वरच्या बाजूला डायोडऐवजी थायरिस्टर असतात, तिथे प्लसकडे दोन्ही दिशांनी ओपन येतं. तो बिघाड नाही. मी एकदा त्यावरून चांगला ड्राइव्ह भंगारात काढायला निघालो होतो. आणि ही चाचणी पास झाली म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत असं समजू नका, गेट सर्किटचा दोष तिच्यात दिसत नाही.

मोटर केबल सुट्या, टोकं नीट झाकलेली, आणि ड्राइव्ह रिकामाच चालवला. तरी ताबडतोब ओव्हरकरंट? मग दोष ड्राइव्हच्या आतच. रिकामा सुरळीत चालला तर दोष केबल-मोटर-लोडमध्ये शोधा. (‘आउटपुट फेज लॉस’ आलं तर घाबरू नका, मोटर नाही हे त्याने ओळखलंय.) ही साधी पायरी गाळून थेट कार्ड मागवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. परत वीज देताना पॅनेलचं दार लावून, समोर नव्हे, बाजूला उभं राहून स्विच टाका.

आउटपुटचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजून कुणी ‘तिन्ही फेज वेगळे येतात’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आउटपुट म्हणजे काही हजार हर्ट्झने तुकडे केलेली डीसी असते, साधा मीटर त्यात गोंधळतो; लो-पास फिल्टरची सोय असलेला मीटर लागतो. त्यापेक्षा टाँग टेस्टरने तिन्ही केबलचे करंट बघा, ते सारखे हवेत. इनपुटला मात्र साधा मीटर चालतो. ४१५, ४१० आणि ३९६ आले तर सरासरी ४०७, सर्वांत लांबचा आकडा ११ व्होल्टने दूर, म्हणजे २.७ टक्के असमतोल. एवढासा वाटतो, पण थेट लाइनवरच्या मोटरला १ टक्का व्होल्टेज असमतोलाने करंटचा असमतोल ६ ते १० टक्के होऊ शकतो, आणि ड्राइव्हच्या इनपुटला करंट त्याहून वाकडे होतात. मागे बहुधा कुठेतरी सैल लग किंवा काळपटलेला फ्यूज होल्डर सापडतो.

देखभालीचं म्हणाल तर ड्राइव्हचे शत्रू दोनच, उष्णता आणि धूळ, आणि दोन्ही फॅनपाशी भेटतात. आतला कूलिंग फॅन साधारण ३ ते ५ वर्षांचा सोबती. खरखर सुरू झाली किंवा बोटाने फिरवल्यावर अडखळला की बदला, बंद पडायची वाट पाहू नका. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला सुमारे निम्मं होतं, त्यामुळे पॅनेलच्या दारावरचा फिल्टर धुणं हे तसं कॅपॅसिटरचीच काळजी घेणं. हीटसिंकच्या पात्यांत बसलेली धूळ वीज बंद करून, कोरड्या आणि कमी दाबाच्या हवेने काढा. कंप्रेसरच्या पाइपात पाणी असतं, आधी बाहेर सोडून बघा. हवा मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि वर वीजही तयार करतो. धूळ कार्बनची किंवा लोखंडाच्या किसाची असेल तर फुंकूच नका, व्हॅक्यूमने ओढा. फुंकली की ती कार्डावर जाऊन बसते, आणि तिच्यातून वीज वाहते.

टर्मिनल वर्षातून एकदा, पुस्तिकेतल्या टॉर्कने. ‘जोर लावून आवळलं’ हे माप नाही, पितळी टर्मिनलचा आटा त्यानेच जातो. बारीक तारांच्या वायरला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा, शिसं (सोल्डर) भरू नका. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड सैल होतो. तपकिरी झालेलं इन्सुलेशन दिसलं तर नुसतं आवळू नका, ते टोक कापून नवं करा.

कॉन्टॅक्टर म्हणजे विजेने ओढला जाणारा मोठा स्विच, त्याबद्दल दोन गोष्टी. त्याचे काळे पडलेले चांदीचे संपर्क कानशीने घासू नका, काळा थर चालतो, घासलेली चांदी परत येत नाही. खड्डे पडले असतील तर संपर्कांचा पूर्ण संच बदला. आणि रोजची चालू-बंद इनपुटच्या कॉन्टॅक्टरने करू नका. दर वेळी कॅपॅसिटर रिकाम्यातून भरताना प्रीचार्ज रेझिस्टर तापतो, आणि एक दिवस तोच जातो. ड्राइव्ह चालू असताना आउटपुटचा कॉन्टॅक्टर तर कधीच सोडू नका.

पॅरामीटरची एक प्रत कीपॅडमध्ये आणि एक कागदावर पॅनेलच्या दारामागे. तुमच्या बाबतीत त्या कागदावर डिसेलरेशनचा जुना आकडा असता, तर हा प्रश्न विचारायची वेळ बहुधा आली नसती.

आणि कपाटात स्पेअर ड्राइव्ह असेल तर त्याच्या खोक्यावरची तारीख बघून घ्या. वर्षाहून जास्त पडून राहिलेल्या ड्राइव्हच्या कॅपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पातळ होत जातो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कॅपॅसिटर फुटू शकतो. आधी ड्राइव्हला हळूहळू वाढवत वीज द्यावी लागते. किती व्होल्टला किती वेळ, ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मी दर वर्षी एक दिवस ठरवून स्पेअर काढतो, एक-दोन तास चालू ठेवतो आणि खोक्यावर नवी तारीख टाकून परत ठेवतो.